उंचावरून घेतलेली नावे

अमेरिकेतल्या लहान गावात शुक्रवारची संध्याकाळ शाळेच्या फुटबॉलची असते. हातात चेंडू घेऊन धावण्याचा तो फुटबॉल. मैदान शंभर यार्डांचे, खेळ बारा-बारा मिनिटांच्या चार भागांचा. यजमान शाळेच्या प्रेक्षकांमागे, पन्नास यार्डांच्या रेषेसमोर, उंचावर एक लांबट खोली असते. तिला प्रेस बॉक्स म्हणतात. पत्रकार तिथे क्वचितच असतो. घड्याळ चालवणारा असतो, ध्वनिक्षेपकावरून पुकारा करणारा असतो, कानाला हेडसेट लावलेले साहाय्यक प्रशिक्षक असतात, आणि एका कोपऱ्यात स्थानिक रेडिओचे दोघे.

जुन्या खोलीत वारा शिरत असे, पावसात कागद भिजत. नव्या खोलीला मोठी काच आहे आणि आत ऊब आहे. पहिल्याच सामन्यात लक्षात येते, की लोकांचा आवाज आत येत नाही. समालोचक खिडकी उघडतो, किंवा बाहेर एक मायक्रोफोन टांगतो. माणूस गोंगाटापासून दूर जाण्यासाठी भिंत बांधतो, आणि मग तोच गोंगाट आत यावा म्हणून तिच्यातून तार ओढतो.

१९२१ साली पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरल्ड आर्लिनने बेसबॉलचा सामना सांगितला, तेव्हा तो प्रेक्षकांतच बसला होता. समालोचन लोकांमध्ये जन्मले आणि नंतर वर गेले. वर जाणे चूक नव्हते. वरूनच खेळ दिसतो.

पण वरून सगळे दिसत नाही. प्रशिक्षक आपला एक साहाय्यक वर पाठवतो आणि स्वतः खाली उभा राहतो. वरच्याला दिसते, प्रतिपक्षाची फळी कुठे विरळ झाली आहे. खालच्याला दिसते, आपला कोणता मुलगा घाबरला आहे. ज्याला व्यूह दिसतो त्याला चेहरा दिसत नाही. दोघे सामनाभर एकमेकांशी बोलत राहतात, कारण दोघांनाही आपले अर्धेपण माहीत असते. हे माहीत नसलेली माणसे एकमेकांशी बोलत नाहीत.

समालोचकाशेजारी बसलेला माणूस बोलत नाही. त्याच्यासमोर दोन्ही संघांच्या मुलांचे क्रमांक आणि नावे लिहिलेला तक्ता असतो. चेंडू कोणी नेला, कोणी अडवला, ते तो बोटाने दाखवतो. ऐकणाऱ्याला समालोचकाची नजर तीक्ष्ण वाटते. ती नजर निम्मी तरी दुसऱ्याच्या बोटात असते. जगात अस्खलित बोलणाऱ्या बहुतेकांच्या शेजारी असे एखादे बोट असते.

अपंगांच्या हक्कांविषयीच्या अमेरिकी कायद्याखाली २०१० साली बांधकामाचे जे मानक ठरले, त्यात छोट्या प्रेस बॉक्सना सवलत आहे. मैदानावरच्या अशा खोल्यांचे क्षेत्र मिळून पाचशे चौरस फुटांच्या आत असेल, तर काही अटींवर तिथे चाकाच्या खुर्चीसाठी वाट ठेवणे बंधनकारक नाही. खोली मोठी बांधली, की ती वाट करावी लागते. म्हणून काही गावांत नव्या खोलीबरोबर लिफ्ट आली. तोवर पायऱ्यांनीच ठरवले होते, की गावाचा खेळ कोणाच्या आवाजात ऐकायचा. पायऱ्यांनी हे ठरवले, हे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. चढू शकणाऱ्यांना पायऱ्या दिसत नाहीत.

टेक्सासमधल्या ॲलन गावाने २०१२ साली शाळेसाठी अठरा हजार आसनांचे मैदान उभारले. खर्च सहा कोटी डॉलर. दोन वर्षांत काँक्रीटला भेगा पडल्या आणि २०१४ च्या मोसमात मैदान बंद राहिले. त्या मोसमात मुले दुसरीकडे खेळली आणि राज्याचे विजेतेपद त्यांनीच मिळवले. गावाला जे आपले वैभव वाटते, ते मुलांच्या खेळाला लागतेच असे नाही. तरीही गाव बांधते, आणि त्याला दोष देववत नाही. प्रेम दाखवायला माणसांना सिमेंटखेरीज फारसे काही सापडत नाही.

एका कायद्याचा मला आदर वाटतो. १९६१ साली अमेरिकेत व्यावसायिक संघांना प्रक्षेपणाचे हक्क एकत्रितपणे विकण्याची मुभा मिळाली. १९६६ साली त्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने, शरदातल्या शुक्रवारच्या संध्याकाळी, शाळांचे सामने चालू असलेल्या परिसरात, व्यावसायिक फुटबॉलच्या प्रक्षेपणाला त्या मुभेचे संरक्षण नाकारले गेले. मोठ्यांच्या खेळाने आठवड्यातली एक संध्याकाळ मुलांना सोडली. बलवानाने स्वतःहून अशी जागा सोडल्याची उदाहरणे थोडी. बहुधा ती कायद्याने सोडवून घ्यावी लागते.

मुंबईच्या शालेय क्रिकेटला समालोचनाची अशी उंचावरची खोली लाभली नाही. १९८८ साली आझाद मैदानावर, हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात, तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागी केली. ती आज धावफलकात आहे आणि पाहणाऱ्यांच्या सांगण्यात आहे. आकडा उरला, तेव्हा कोणाचा आवाज चढला, ते उरले नाही.

आता अनेक शाळांनी स्वयंचलित कॅमेरे बसवले आहेत. ते माणसाविना चेंडूचा माग काढतात. दूरच्या नातेवाइकांची त्यामुळे सोय झाली, आणि ती मोठी सोय आहे. पण कॅमेरा चेंडूबरोबर पुढे जातो. मागे पडलेला मुलगा उठला की नाही, हे पाहायला वर माणूसच लागतो.

असा मुलगा उठत नाही, तेव्हा समालोचकाची परीक्षा असते. मुलाची आई ऐकत असेल, हे गृहीत धरून बोलावे लागते. जे दिसते तेवढेच सांगायचे: प्रशिक्षक पोहोचले, मुलाने हात हलवला. अंदाज करायचा नाही. भरायला हवीशी वाटणारी ती मिनिटे तशीच जाऊ द्यायची. एका आजोबांनी अशी काही मिनिटे दूरच्या गावी रेडिओशी बसून काढली, हे मला ठाऊक आहे.

चेंडू हातून सुटतो तेव्हा परीक्षा निराळी असते. व्यावसायिक खेळाडूचे नाव घेऊन त्याची चूक सांगता येते. त्याने त्याचे पैसे घेतले आहेत. सोळा वर्षांच्या मुलाने काही घेतलेले नाही. चांगला समालोचक सांगतो, ‘चेंडू सुटला’, आणि नाव पुढच्या चांगल्या खेळीसाठी राखून ठेवतो. यात तो काही लपवत नाही. खरे सांगण्याचे कर्तव्य पाळूनही खऱ्याचा भार कोणावर किती टाकायचा, हे ठरवायला जागा उरते. उंचावर बसलेल्यांनी ही जागा नेहमी वापरलेली नाही.

नाव घेणे हे त्या खोलीतले मुख्य काम आहे. सामन्याआधी जो खाली उतरतो, पाहुण्या प्रशिक्षकाला गाठतो आणि प्रत्येक नावाचा उच्चार विचारून टिपून घेतो, त्याला ते कळले आहे. न्यू जर्सीतल्या, टेक्सासमधल्या याद्यांत आता मराठी आडनावेही असतात. ती नीट उच्चारली गेली, की घरात कोणीतरी क्षणभर काम थांबवते.

अनेक राज्यांत गुणांचे अंतर फार वाढले, की उरलेला वेळ घड्याळ जवळजवळ न थांबता चालू ठेवतात. निकाल लागलेला असतो. राखीव मुले मैदानात येतात. काही समालोचक अशा वेळी पुढच्या आठवड्याच्या सामन्याविषयी बोलू लागतात. मला ते पटत नाही. त्या मिनिटांतही मैदानावर बावीस मुले असतात, आणि त्यांतल्या काहींचे नाव या मोसमात पुन्हा कोणी घेणार नसते.