उत्तर कोणी द्यायचे?

गेल्या वर्षी श्रावणात आईला स्वयंपाकघरात घेरी आली. ती पडली नाही. ओट्याचा आधार सापडला. पण त्या दिवसापासून आमच्या घरात तिच्यापुरती संचारबंदी लागू झाली. जिना उतरायचा नाही, गॅसपाशी उभे राहायचे नाही, बाजाराचे नाव काढायचे नाही. हे सारे आम्ही प्रेमाने केले. आणि प्रेमाने केलेल्या गोष्टीची झाडाझडती घ्यावी असे कोणाला वाटते?

आम्ही १९८६ साली गिरगावातली चाळ सोडून भाईंदरला आलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तेव्हा खिडकीतून मिठागरे दिसत आणि उन्हात मिठाचे ढीग चमकत. आई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिने चढत असे. पुढे २००२ साली मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, खिडकीसमोर इमारती उभ्या राहिल्या, आमचा जिना मात्र तोच राहिला. त्या जिन्याच्या पायऱ्या वाढल्या नाहीत. आईची वर्षे वाढली. आज ती ८४ वर्षांची आहे.

भाद्रपदात आम्ही एका परिचारिकेला घरी बोलावले. मोठ्या रुग्णालयात उभी हयात काढून त्या निवृत्त झालेल्या. त्यांनी आईला विचारले, "आजी, झोप कशी लागते?" मी म्हणालो, "रात्री दोनदा उठते." "जेवण?" मी म्हणालो, "कमीच." तिसऱ्या प्रश्नाला मी तोंड उघडले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, आजींना बोलू द्या."

मी गप्प बसलो. आईने आधी माझ्याकडे पाहिले. वर्गात उत्तर येत असूनही मास्तरांची परवानगी शोधणाऱ्या मुलासारखी ती नजर होती. ती मी अजून विसरलेलो नाही.

मग सिस्टरांनी घरातली सगळी औषधे एका ताटात काढायला सांगितली. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या. रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी रोज आईच्या पोटात जात होती आणि ती तिच्या हातावर ठेवणारा मीच होतो. सिस्टरांनी तिचा रक्तदाब निजलेल्या स्थितीत मोजला, मग उभे करून मोजला. वरचा आकडा वीसहून अधिक खाली आला. "तुमची घेरी ही," त्या म्हणाल्या. "पण आपल्या मनाने काही बंद करू नका, दोन्ही चिठ्ठ्या घेऊन डॉक्टरांकडे जा." शेवटी त्यांनी आईला खुर्चीतून उठून दहा पावले चालून परत येऊन बसायला सांगितले आणि घड्याळ हातात धरले. आई सावकाश, पण कोणाचा आधार न घेता बसली.

डॉक्टरांनी एक गोळी काढून टाकली. पंधरवड्यात घेरी ओसरली. म्हणजे दोन महिने आम्ही आईला कोंडून ठेवले होते. तिला घेरी का येते हे मात्र शोधले नव्हते.

पुढे मी या विषयावर थोडे वाचले. अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी परिचारिकांना स्वतंत्रपणे तपासणीचे शिक्षण द्यायला आरंभ केला. तो मुलांसाठी होता. वृद्धांकडे हे काम नंतर वळले. त्याआधी, १९६३ साली, सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी सहा साध्या गोष्टींची मोजणी प्रसिद्ध केली: अंघोळ, कपडे, शौचाला जाणे, उठबस, मलमूत्रावरचा ताबा आणि जेवण. १९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी यांनी आणखी आठ कामांची यादी केली. तीत स्वयंपाक होता, बाजारहाट होती, पैशांचा व्यवहारही होता. ही यादी वाचताना मी चपापलो. यांतली किती कामे आईला येत नव्हती, आणि किती आम्ही तिच्या हातून काढून घेतली होती? पासबुक माझ्या कपाटात, पिशवी सुनेच्या हातात, चकलीचा सोऱ्या माळ्यावर! आईबापांना अन्न, वस्त्र, निवारा, औषध मिळावे म्हणून २००७ साली आपल्याकडे कायदा झाला. आपण काय दिले हे कायदा मोजू शकतो. आपण काय काढून घेतले याचा हिशेब त्याच्या कक्षेत येत नाही.

कोणी म्हणेल, ती जिन्यावरून खरेच पडली असती तर? हा प्रश्न खोटा नाही. या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालेलच असे नाही. घेरी गेली तरी आईचे गुडघे तेच आहेत. पण मी स्वतःलाच विचारले, मला भीती कशाची वाटते? तिच्या दुखण्याची, की पुढे करावी लागणाऱ्या सेवेची आणि "लक्ष कसे दिले नाही?" या लोकांच्या बोलण्याची? प्रामाणिक उत्तर असे, की दोन्ही भीती एकत्र होत्या. आणि दुसरीला मी पहिलीचे नाव दिले होते. तिच्या पडण्याचा धोका मी तोलत होतो. पण न पडता खुर्चीत बसून झिजण्याचा धोका तराजूत घातलाच नव्हता. शिवाय तराजू कोणी धरायचा, हे ठरवताना तिला विचारलेही नव्हते.

म्हणून एके संध्याकाळी विचारले. ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "उत्तनच्या कोळणीकडून मासळी मीच आणीन. उतरताना तू एक पायरी पुढे राहा. हात मात्र धरू नकोस."

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही उतरलो. प्रत्येक वळणावर ती थांबत होती, आणि पुढे पाठ करून उभे राहणे मला किती अवघड गेले हे सांगता येत नाही. बाजारात तिने कोळणीशी बोंबलांच्या वाट्यावरून घासाघीस केली आणि पैसे आपल्या हाताने मोजून दिले. सोऱ्याही माळ्यावरून खाली आला.

मी सुधारलो, असे मात्र म्हणवत नाही. परवा दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारले, "आजी, कशा आहात?" आणि माझे तोंड आधी उघडले. आईने माझ्या गुडघ्यावर हलकेच हात ठेवला. मी तोंड मिटले, आणि ती बोलू लागली.