मुसाफिरावरचे कर्ज

गाव पाहणे म्हणजे नेमके काय पाहणे? शाळेच्या सहलींपुरते बोलायचे तर उत्तर तयार असते. चंद्रपूरला गेले की गोंडराजांचा परकोट, जटपुरा गेट, पठाणपुरा गेट, अंचलेश्वराजवळच्या राजांच्या समाध्या. नागपूरला गेले की दीक्षाभूमी आणि ताजबाग. यादी संपली की शहर संपले. शिक्षक हजेरी घेतात, बस सुटते. पण जटपुरा गेटखालून रोज कामावर जाणारा माणूस, गेटच्या आत पिढ्यान् पिढ्या राहणारी घरे, हे कोणत्याच यादीत नसते.

या हिशेबाने आमच्या वडसा गावात पाहण्यासारखे काहीच नाही. मुले मला विचारतात, "मॅडम, अपने वडसा में देखने लायक क्या है?" स्टेशनच्या पाटीवर वडसा आणि नगरपरिषदेच्या पाटीवर देसाईगंज, अशी दोन नावे वागवणारे हे गाव. १९८२ साली गडचिरोली जिल्हा झाला तेव्हा त्यातले रेल्वे स्टेशन एवढे एकच. किल्ला नाही, लेणी नाहीत. पण दिवाळीनंतर धान घरात आले की इथल्या नाटक कंपन्यांच्या कार्यालयांपुढे गर्दी होते. गावोगावची मंडळे नाटक ठरवायला येतात. शंकरपट किंवा मंडई असली की रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि घराघरात पाहुणे उतरतात. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या अनेकांना ही रंगभूमी प्रथम ठाऊक झाली. नाटक पाहायला आलेला पाहुणा त्या घरचे जेवतो, पिकाची चौकशी करतो, सोयरिकीची बोलणी करतो. तोही प्रवासीच. मात्र त्याला नुसते पाहून परतता येत नाही.

इथेच नैतिक प्रश्न उभा राहतो. इमारतीकडे कितीही टक लावून पाहा, तिचे काही बिघडत नाही. माणसाचे तसे नाही. फलाटावर बुरख्यातली बाई एकटी उभी असली की तिच्यावर किती नजरा खिळतात, हे मला कुणी शिकवावे लागत नाही. त्या नजरांना तिचे नाव नको असते, ती कुठे निघाली हेही नको असते. पाहणारा मोठा होतो, जिच्याकडे पाहिले ती वस्तू होते.

मोहल्ल्यांचेही असेच. रमजानच्या रात्री मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या आसपास, सर्व धर्मांचे लोक मालपुवा आणि फिरनी खायला येतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्यातलाच कुणी आपल्या सोसायटीत मुसलमान भाडेकरूला घर नाकारत असेल, तर त्याने मोहल्ला पाहिला असे म्हणायचे का? त्याने चव घेतली, ओळख करून घेतली नाही.

मात्र ही तक्रार करताना आरसा आपल्याकडेही वळवला पाहिजे. आपल्यातले किती जण भामरागडला जाऊन माडिया बायकांचे फोटो न विचारता काढतात? गोठणगावजवळची तिबेटी वसाहत १९७२ सालची. आपण तिथला बौद्ध मठ बघून येतो. पण पन्नास वर्षांच्या या शेजाऱ्यांच्या घरात आपल्यापैकी किती जणांनी चहा घेतला आहे?

आपल्या इतिहासात दोन मोठे प्रवासी आहेत. इब्ने बतूता १३२५ साली तंजाहून निघाला. दौलताबादच्या गाणाऱ्यांच्या बाजाराचे त्याने केलेले वर्णन आजही वाचण्यासारखे आहे. पण मालदीवमध्ये काझी झाल्यावर तिथल्या बायकांनी आपल्या पद्धतीने अंग झाकावे, असा आग्रह त्याने धरला आणि तो फसला. त्याच्या तीनशे वर्षे आधी अल-बिरुनी संस्कृत शिकला, पंडितांजवळ बसला आणि १०३० च्या सुमारास हिंदूंचे म्हणणे त्यांच्याच बाजूने मांडणारा ग्रंथ पुरा केला. पहिल्याने मुलूख अधिक तुडवला. पण परक्याला त्याच्या जागी उभे राहून समजून घेण्यात दुसरा पुढे गेला.

कुरआनात जमिनीवर फिरून पाहण्याची ताकीद वारंवार येते. माणसांच्या जाती-जमाती कशासाठी, याचे उत्तरही तिथे आहे: एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. त्यासाठीचा शब्द तआरुफच्या घराण्यातला आहे. आणि तआरुफ एकतर्फी होत नाही. मी तुझे नाव विचारले तर मलाही माझे सांगावे लागते.

कुणी म्हणेल, दोन दिवसांच्या मुसाफिराकडून एवढी अपेक्षा कशाला? तो काही ग्रंथ लिहायला निघालेला नाही. खरे आहे. पण कर्ज फार मोठे नाही. फोटोआधी परवानगी विचारावी. हॉटेलात चहा देणाऱ्या मुलाशी दोन शब्द बोलावेत. आपल्याला कुणी काही विचारले तर कंटाळू नये. आणि घरी परतल्यावर त्या गावाबद्दल खोटे बोलू नये. चांगले वागलेल्या माणसांना "ते लोक असेच" या एका वाक्यात गाडू नये. पाहिलेल्या गावाची अब्रू ही मुसाफिराजवळची अमानत असते. अमानत परत करावी लागते, ती साक्षीच्या रूपाने. जिथे त्या गावाची, त्या मोहल्ल्याची बदनामी चालली असेल तिथे उठून सांगावे, "मी तिथे गेले आहे. तुम्ही म्हणता तसे ते नाही."