ओझे वाहा, गोष्ट वाहू नका

मंडळीतील एखादे घर आजारपणात किंवा शोकात सापडले म्हणजे आपण दोन गोष्टी करतो. पाळकसाहेबांना निरोप धाडतो, आणि घरगुती प्रार्थनासभेत त्या घराचे नाव घेतो. दोन्ही योग्यच आहेत. परंतु पाळकसाहेब एक आणि घरे पुष्कळ. शिवाय सभा आटोपली, चहा झाला, की ज्याचे नाव घेतले त्याच्या दाराशी कोण जाणार, हा प्रश्न उरतोच. म्हणून सामान्य सभासदांनी करावयाचे सांत्वन व शुश्रूषा आणि लहान गटांची उपासना, ही दोन कामे एकत्र जोडावीत असा विचार पुढे येतो. विचार चांगला आहे. पण त्यात एक नैतिक पेच आहे, आणि तो आधी सोडविला पाहिजे.

हा विचार काही नवा नाही. यरुशलेमेतील मंडळीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होऊ लागले, तेव्हा त्या कामासाठी सात जण निवडले गेले, स्तेफन त्यांतलाच. १७४२ साली ब्रिस्टल येथे जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर सभागृहाचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी सुमारे बारा जणांमागे एक पुढारी नेमून त्याने दर आठवड्यास प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करावी असे ठरले. पेनीसाठी दारोदार फिरताना पुढाऱ्यांना घरांतील खरी स्थिती दिसू लागली, आणि कर्जफेडीच्या त्या योजनेतून मेथॉडिस्टांची वर्गसभा उभी राहिली.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचे उदाहरण आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली व विधवा आणल्या. आपले सौंसरही तेव्हा मध्य प्रांतातच होते. केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली प्रार्थनेचे जे गट जमले, त्यांची कीर्ती दूरवर गेली. पण ध्यानात ठेवावे की, त्या आधी भुकेल्यांना भाकर मिळाली होती. शुश्रूषेच्या जमिनीतच ती प्रार्थना रुजली.

आता पेच पाहू. लोधीखेड्यासारख्या गावात कोण सकाळी नागपूरला तपासणीस गेले, हे संध्याकाळपर्यंत बाजारात कळते. कचेरीत हिंदी चालते, पण दुःख घरच्या मराठीतच बाहेर पडते, म्हणून भेटीस आलेल्या बहिणीजवळ एखादी बाई मन मोकळे करते. नवऱ्याचे पिणे, मुलाचे कर्ज, स्वतःच्या छातीतील गाठ. ती बहीण गुरुवारी गटात कळवळून म्हणते, “अमक्या बाईंसाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरी असे असे आहे.” हेतू निर्मळ, डोळे मिटलेले, पण रविवारपर्यंत गोष्ट साऱ्या मंडळीत झालेली असते. ती बाई पुन्हा कोणाजवळ बोलत नाही. उलट, त्या बहिणीने सारे एकटीनेच मनात ठेवले, तर काही महिन्यांत तीच खचते. मग गटाला सांगावे की न सांगावे?

कोणी म्हणेल, याकोबाने एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगितलेच आहे. होय, पण स्वतःची, शेजाऱ्याची नव्हे.

आम्हांस वाटते, गटाने ओझे वाहावे, गोष्ट वाहू नये. १९७५ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे केनेथ हॉक या पाळकांनी सभासदांना दुःखितांच्या भेटीचे शिक्षण देण्यास आरंभ केला व त्या सेवेला स्तेफनाचे नाव दिले. तेथे भेटी देणारे सेवक लहान गटात नियमाने जमतात. पण दुःखिताचे नाव व ओळख न सांगता, आपण त्याला नीट साथ देत आहोत की नाही, एवढेच एकमेकांना विचारतात. अशाने सेवक एकटा पडत नाही आणि दुःखिताची अब्रूही राहते.

आपल्या गटांनाही हे जमण्याजोगे आहे. नाव घेण्याआधी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी. ती नाही म्हणाली तर देव नाव जाणतो. कारण न विचारता डबा पोहोचवावा, दवाखान्यात रात्री कोणी बसावे, मुलांना कोणी सांभाळावे. जिवाला धोका दिसला तर मात्र मौन हे पाप होय. तेव्हा पाळक, डॉक्टर व जवळचे आप्त यांना कळविलेच पाहिजे, आणि आपण कळवीत आहोत हे शक्यतो त्या व्यक्तीलाही सांगावे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते; त्याच्या दुःखाचे कारण शोधू लागले, तेव्हा त्याला जड झाले.

कफर्णहूमात चौघांनी एका पक्षाघाती माणसाला उचलून नेले आणि छप्पर उघडून प्रभूपुढे खाली सोडले. तो तसा कशाने झाला होता, हे मार्क सांगत नाही. त्या चौघांची नावेही सांगत नाही. वाचकहो, आपल्या मंडळीतील गट अशा चौघांचे व्हावेत, आणि प्रभूने आपल्याला बळकट हात व आवरलेली जीभ ही दोन्ही द्यावीत.