तीर्थाचा तळहात

पाच वर्षांच्या मुलाने नळ उघडा ठेवला की आपण रागावतो, "पाणी संपले म्हणजे पुढे काय करशील?" असे विचारतो. परंतु पाणी संपविले कोणी, असे त्याने उलट विचारले तर आपल्यापाशी उत्तर आहे काय? सृष्टीचे धन पुढील पिढ्यांसाठी राखण्याचे शिक्षण शैशवापासून द्यावे, असे आज सर्वत्र म्हटले जाते. ते योग्यच आहे; ते द्यावे कसे, एवढाच प्रश्न आहे.

पवारांच्या दोन राजधान्यांकडे पाहा. धारेचा मुंज तलाव आजही हजार वर्षांपूर्वीच्या परमार राजाचे नाव सांगतो. देवासला मात्र जुन्या विहिरी-तळ्यांची उपेक्षा झाली, कूपनलिका वाढल्या, भूजल खोल गेले आणि १९९० साली इंदूरहून आगगाडीने पाणी आणावे लागले. हा दोष कोणा बालकाचा नव्हता. पुढे २००६ पासून त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी पिकाऊ जमिनीचा काही भाग सोडून हजारो शेततळी खोदली. मोठ्यांची चूक मोठ्यांनीच निस्तरली.

मग बालकाला काय द्यावे? आपल्या चुकांचे भय त्याच्या माथी मारणे हा अन्याय होय. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा महागडी साधने न आणता पाने, बिया, शिंपले, माती यांवरच मुलांना गणती व रंग शिकविले. भोवतालची वस्तू मोलाची आहे, हा धडा तेथे न बोलता मिळत असे.

कोणी म्हणेल, धाकाशिवाय सवय लागत नाही. पण धाक पाहणारा दूर होताच संपतो. जिव्हाळ्याने लागलेले वळण एकांतातही टिकते. देवळात तीर्थ घेताना लहान मूल तळहात खोलगट धरते, थेंब सांडू देत नाही. त्याला कोणी भेडसावलेले नसते. आजीचा हात पाहून ते शिकलेले असते.

त्याच आजीच्या घरी अंगण धुण्यास नळ तासभर वाहत असेल, तर मूल तेही शिकेल. म्हणून बालकाच्या शिक्षणाचा पहिला पाठ आपण मोठ्यांनीच गिरवावयाचा आहे.