घट्ट कुठे, सैल कुठे

दाराशी बसून चपला घालण्यापुरता छोटा बाक घरी करायचा, तर फार सामान लागत नाही. तीन फूट लांब, फूटभर रुंद सागवानी फळी, चार पाय, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. आणि हत्यारांत करवत, रंधा, पटाशी, गुण्या. उंची दीड फुटाच्या आसपास ठेवली की बहुतेकांचे पाय नीट जमिनीला टेकतात. खरा विचार करावा लागतो तो फळी बसवताना.

झाड तोडले, फळी वाळली, तिला पॉलिश चढले, तरी लाकडाचा हवेशी व्यवहार चालूच राहतो. पावसाळ्यात ते ओल शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुलैत चौकटीत अडकणारे दार कोणी पाहिले नाही? गंमत अशी की लांबीत हा फरक जवळजवळ पडतच नाही. पडतो तो रुंदीत. सागवान त्यातल्या त्यात शांत लाकूड. तरीही फूटभर रुंदीची फळी मे आणि ऑगस्ट यांच्या दरम्यान दोन-तीन मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते.

नवशिका मजबुतीच्या हौसेने फळी खालच्या आडव्या पट्टीला चिकटवतो आणि वर स्क्रूही करकचून आवळतो. फळी आकसू पाहते, पट्टी तिला सोडत नाही आणि मग एखाद्या कडक उन्हाळ्यात फळी रेषेरेषेने तडकते. जाणता सुतार पट्टीत तीन भोके पाडतो. मधले स्क्रूच्या मापाचे, कडेची दोन लांबट. मधला स्क्रू फळीला जागेवर धरतो, कडेचे दोघे तिच्याबरोबर पुढेमागे सरकतात. बसणाऱ्याला यातले काही दिसत नाही. फळी मात्र वर्षानुवर्षे अखंड राहते.

म्हणून सगळेच सैल सोडावे असे नाही. पायाच्या खाचेत पट्टीची कूस, म्हणजे तिचे कोरलेले टोक, बसते; तो सांधा हातोडीच्या हलक्या ठोक्यांनीच आत जाईल इतका नेमका लागतो. तिथे ढिलाई केली, की बसणाऱ्याचे वजन रोज तो सांधा थोडाथोडा उकलते आणि बाक डुगडुगू लागतो. वजन पेलणारा भाग घट्ट हवा; ऋतूंबरोबर बदलणाऱ्या भागाला वाव हवा.

घर चालवताना आपण नेमका हाच हिशेब विसरतो. मुलाने रस्ता ओलांडताना हात धरलाच पाहिजे, यात सवलत नको. पण अभ्यास टेबलावर करायचा की जमिनीवर पालथे पडून, यावरही तितकाच आवाज चढतो. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ चुकता कामा नये हे खरे. त्यांनी दुपारी झोपावे की कट्ट्यावर जावे, तेही आपणच ठरवू लागतो. नियम जितके जास्त आवळू तितके घर भक्कम, असे वाटत राहते. पुढे कुठे तडा गेला, की दोष त्या माणसाला देऊन आपण मोकळे.

आज एखाद्या गोष्टीवर हट्ट धरण्याआधी एवढेच विचारून पाहावे: हिच्यावर घराचे वजन आहे, की हिला फक्त हलायला जागा हवी आहे?