अधिकाचे काय करावे?

उणे पडले की ते चटकन ध्यानात येते. अधिक झाले तर तो दोष मानावा की गुण, याविषयी मात्र आपले एकमत होत नाही. 'अति तेथे माती' असे बजावणारे आपणच पंगतीत आग्रहाने आणखी एक पुरणपोळी वाढतो. मागितले त्याहून अधिक समोर आले तर घेणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका किरकोळ नाही. हुबळी-धारवाडच्या आपल्या घरांतील तरुण ज्या संगणकाच्या व्यवसायात रमले आहेत, तेथे तर त्याचे उत्तर नियम म्हणून लिहून ठेवावे लागते.

संगणकाच्या आज्ञावलीत 'फंक्शन' म्हणजे ठरावीक माहिती घेऊन ठरावीक काम करून देणारा घटक. त्याला पुरविलेल्या प्रत्येक बाबीस 'आर्ग्युमेंट' म्हणतात. दोन बाबी मागणाऱ्या फंक्शनला तीन दिल्या, तर पायथॉन ही भाषा काम तेथेच थांबवते आणि दोन अपेक्षित असता तीन मिळाल्या, असे स्पष्ट सांगते. जावास्क्रिप्ट तिसरी बाब मुकाट्याने बाजूला ठेवून पुढे जाते.

या दुसऱ्या रीतीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. इंटरनेटच्या संदेशवहनाचे नियम लिहिताना जॉन पोस्टेल यांनी १९८० साली सांगितले होते, की देताना काटेकोर असावे आणि घेताना उदार. देणारा नवा आणि घेणारा जुना असेल, तर ही उदारता व्यवहार चालू ठेवते. नव्याने दिलेली बाब जुन्या फंक्शनला कळत नाही, पण तेवढ्यासाठी काम अडून बसत नाही.

तथापि या उदारतेची किंमत कोणी तरी मोजतोच. जावास्क्रिप्टमधील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अक्षररूपात लिहिलेल्या १, २, ३ या अंकांची यादी संख्यांत बदलण्यासाठी 'मॅप'च्या हाती 'पार्सइंट' हे फंक्शन द्यावे, तर उत्तर १, २, ३ असे येत नाही. पहिला अंक नीट येतो. पुढील दोन्ही ठिकाणी 'संख्या नव्हे' असा शेरा मिळतो. कारण मॅप प्रत्येक वेळी तीन बाबी पुढे करतो : अंक, त्याचा यादीतील क्रमांक आणि अखंड यादी. पार्सइंट दोनच बाबी जाणते. यादीतील क्रमांकाला ते संख्यापद्धतीचा पाया समजते आणि तिसरी बाब गुपचूप टाकून देते. त्या तिसऱ्या बाबीलाच भाषेने हरकत घेतली असती, तर घोटाळा तत्क्षणी उघड झाला असता.

आपल्या न्यायशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. वादात पराभवास कारण होणाऱ्या बावीस निग्रहस्थानांत 'न्यून' जसे आहे, तसे 'अधिक'ही आहे. एक हेतू, एक उदाहरण पुरेसे असता आणखी जोडणे हा दोष होय. पण वात्स्यायनांनी भाष्यात एक मर्यादा घातली : वादी-प्रतिवादींनी तसा नियम आधी मान्य केला असेल, तरच हा दोष. म्हणजे अधिक हे स्वभावतः वाईट नव्हे. ठरलेल्या कराराच्या संदर्भातच ते अधिक ठरते. फंक्शनने आपल्याला किती बाबी लागतात हे जाहीर करणे, हा असाच करार आहे.

पंचांगकर्त्यांचा मार्ग आणखी निराळा. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक महिना वाढवावा लागतो. त्यांनी तो लपविला नाही. ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो 'अधिक', असा नियम करून त्याला नाव आणि स्थान दिले. पायथॉनमध्येही फंक्शन लिहिणाऱ्याने एका नावाआधी तारांकन घातले, की उरलेल्या सर्व बाबी त्या नावाखाली गोळा होतात. अधिकाचे स्वागत येथेही आहे, परंतु ते आगाऊ जाहीर केलेले आहे.

सरकारी कचेऱ्यांत आम्ही आयुष्य घालविले, म्हणून आम्हांस या प्रश्नाची नैतिक बाजू अधिक जाणवते. समजा, वारसा नोंदीच्या अर्जाला कोणी शेतकऱ्याने न मागितलेले वाटणीपत्र जोडले. कारकून 'याची गरज नाही' म्हणाला, तर शेतकरी खट्टू होईल, पण कागद योग्य ठिकाणी तरी नेईल. कारकुनाने तो हसतमुखाने घेऊन फायलीत नुसता टाचून ठेवला, तर आपले म्हणणे विचारात घेतले गेले या समजुतीत तो घरी जातो. वर्षांनी भाऊबंदकी उभी राहते, तेव्हा त्याला कळते की तो कागद कोणी वाचलाच नव्हता. त्याला दुखवायचे नाही म्हणून कारकून गप्प राहिला. प्रत्यक्षात त्याची फसवणूकच झाली.

म्हणून आमचे मत असे : अधिकाला जागा ठेवायची असेल तर ती आधीच सांगून ठेवावी; नसेल तर देणाऱ्याला त्याच वेळी नम्रपणे कळवावे. जे वापरायचे नाही ते घेतल्याचे भासवू नये. हा नियम यंत्रासाठी जितका योग्य, तितकाच माणसासाठीही. कारण दोन्ही ठिकाणी देणारा आपण दिलेले पोहोचले या विश्वासावर पुढचे पाऊल टाकीत असतो.