शांती कोणाची?

अंधेरी-बोरिवलीतील काही घरांत एडीएचडी असलेल्या चंचल लेकराला मेथिलफेनिडेट दिले जाते. स्वित्झर्लंडमध्ये १९४४ साली प्रथम तयार झालेले हे औषध चित्त स्थिर करते. पण भूक मंदावते, झोप लांबते. शाळेतला डबा भरलेलाच परत येतो. आईबापांनी काय करावे? औषध देणे पाप नव्हे. ते परस्पर बंद करणेही शहाणपण नव्हे. गोळी न्याहारीनंतर द्यावी, रात्री पोटभर जेवू घालावे, वजन-उंची नोंदवून डॉक्टरांना दाखवावी. मात्र मूल निस्तेज, अबोल झाले, तर ती शांती त्याची नव्हे, आपली होय. तेव्हा मात्रेचा फेरविचार डॉक्टरांकडे मागावा. मोठ्यांची सोय हे औषधाचे माप नव्हे. परमेश्वराने सोपविलेल्या लेकराचे हित हेच माप. म्हणून प्रथम त्यालाच विचारावे: बाळा, तुला कसे वाटते?